काटा शून्यावर बसवा म्हणे!

"मामा, गाडी पळते ते खरं की काटा सांगतो ते खरं?" रविवारी सकाळी भाच्याने दारात गाडी लावून हे विचारलं, तेव्हाच मला वास आला. वेग दाखवणाऱ्या मीटरमध्ये नवीकोरी काळी तबकडी, आणि तिच्या मधोमध पीठ सांडल्यासारखा पांढरा डाग. विचारलं तर तोच व्हिडिओ. महिनाभर जो उठतो तो मला पाठवतोय: 'पाच मिनिटांत मीटरचा लूक बदला'. दोन चमचे घालून काटा उचकटा, नवी तबकडी चिकटवा, काटा शून्यावर ठेवून दाबा, ढिला वाटला तर सुपरग्लूचा एक थेंब. झालं! इतके दिवस हसून सोडून दिलं. आता घरातच आलंय, म्हणून लिहितोय.

सगळ्यात घातक वाक्य तेच, 'काटा शून्यावर ठेवून दाबा'. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! गाडी उभी, वेग शून्य, मग काटा शून्यावरच हवा ना? नाही.

केबलवाल्या मीटरमध्ये चाकाकडून आलेली केबल एक चुंबक फिरवते. चुंबकाला न टेकता त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची पातळ वाटी बसवलेली असते. चुंबक फिरला की वाटीत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात, ती चुंबकामागे ओढली जाते, आणि केसाएवढी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबते, तिथे तिच्या स्पिंडलवरचा, म्हणजे मधल्या बारीक दांड्यावरचा, काटा थांबतो. ओटो शुल्झने १९०२ साली पेटंट घेतलेली ही युक्ती. आता गंमत अशी, की बऱ्याच मीटरमध्ये काटा शून्याजवळ त्याला अडवणाऱ्या छोट्या खिळीला नुसता टेकलेला नसतो, स्प्रिंगने तिच्यावर दाबून धरलेला असतो. टोक हलकेच उचलून खिळीवरून पलीकडे सोडा, काटा शून्याच्याही खाली जाऊन थांबतो. स्प्रिंगची खरी मोकळी जागा ती.

काटा उपटला की स्पिंडल गपचूप त्या मोकळ्या जागेवर जातं. मग तुम्ही काटा शून्यावर दाबता, म्हणजे जेवढा ताण होता तेवढा काटा कायमचा पुढे. भाच्याला मागे बसवून फोनवरचा जीपीएस त्याच्या हातात दिला आणि सरळ रस्त्यावर एका वेगाने गाडी धरली. फोन म्हणे ४०, मीटर म्हणे ५२. फोन म्हणे ६०, मीटर ७२. उभ्या गाडीवर मात्र काटा शून्यावर सज्जनासारखा बसलेला, म्हणून तर शंका येत नाही! फरक सगळीकडे तेवढाच, १२, म्हणजे चोर काटाच. वेगाबरोबर फरकही वाढत गेला असता, तर टायरचा घेर, केबलचं गिअर किंवा चुंबक यांच्याकडे बघितलं असतं.

'जास्त दाखवतं ना, मग काय बिघडलं?' असंही लोक म्हणतात. बिघडतं ते पुढे. वैतागून माणूस काटा अंदाजाने मागे सरकवतो, थोडा जास्तच, आणि मीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवायला लागतं. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाचा नियम क्रमांक ३९ याबाबत अगदी कडक आहे: मीटरवरचा वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये. जास्त असेल तर मॉडेल मंजुरीच्या चाचणीत मुभा खऱ्या वेगाच्या दहाव्या हिश्श्यात ४ मिळवून येईल तेवढीच. म्हणजे ४० ला ८, ६० ला १०. भाचेबुवा दोन्हीकडे नापास.

आता तो सुपरग्लू. हा सल्ला देणाऱ्याने आयुष्यात मीटर उघडलेलं नाही, हे मी लिहून देतो. पातळ ग्लू फटीतून खाली झिरपतो, स्पिंडलच्या बेअरिंगपर्यंत पोचला की काटा जन्माचा जाम. नाही पोचला तरी सुकताना त्याची वाफ आजूबाजूला बसते आणि पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. भाच्याच्या तबकडीवरचा डाग तोच. शिवाय चिकटवलेला काटा पुन्हा नीट बसवायचा तर आधी तो मोडावा लागतो. मोडलाच. काट्याचं बूड, म्हणजे स्पिंडलवर बसणारा भाग, उभं चिरलं. काटा ढिला असेल तर बूड फाकलेलं असतं, तेव्हा काटा बदलायचा.

व्हिडिओतलं बाकीचं पटापट. चमच्यांत अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो: घड्याळवाले दोन बारीक तरफांनीच काटे काढतात. पण दोन्ही बाजूंनी एकदम, सरळ वर, खाली खाच पाडलेला पुठ्ठा घालून. व्हिडिओतल्यासारखं एका बाजूने उचकटलं तर स्पिंडल वाकतं. हेअर ड्रायरची ऊब? थोडी चालते, जास्त झाली तर प्लॅस्टिकचा काटा केळ्यासारखा वाकतो. 'किलोमीटरच्या आकड्याला धक्का लागत नाही' हे मात्र खरं, तो आकडा वेगळ्या गिअरवर चालतो. आणि 'कुठलीही तबकडी चालते' हे साफ खोटं. जुन्या तबकडीवर ठेवून आकड्यांमधलं अंतर जुळवून बघा.

करायचंच असेल तर काटा काढण्याआधी टोक खिळीवरून पलीकडे सोडा, थांबेल तिथे तबकडीच्या कडेबाहेर चिकटपट्टी लावून खूण करा, फोटो काढा, मगच उपटा. बसवताना त्याच खुणेवर हलका दाबा आणि टोक उचलून खिळीच्या अलीकडे आणा. स्टेपर मोटरवाल्या, म्हणजे काटा छोट्या इलेक्ट्रिक मोटरने फिरवणाऱ्या, नव्या मीटरला हे लागू नाही. तिथे काटा हाताने जोरात फिरवलात तर आतले प्लॅस्टिकचे दाते जातील.

माझ्या भंगाराच्या डब्यात तसल्याच मीटरचा, शेपटीला तोल सांभाळणारं तेवढंच वजन असलेला काटा निघाला. मोकळ्या जागेची खूण तर राहिली नव्हती, म्हणून फोन बघत तीनदा काढून बसवला. आता ४० ला ४२, ६० ला ६३ दाखवतो. डाग तसाच आहे, आणि भाचा म्हणतो तो पुसायचा एक व्हिडिओ त्याने पाहिलाय.