मजा नाहीये, मावशी!

जर्मनीत शिकते मी. तीन आठवड्यांसाठी ठाण्यात आलेय, आज नववा दिवस. "मजा आहे बुवा तुझी" हे किती वेळा ऐकलं ते मोजणं मी सोडून दिलंय. राम मारुती रोडला ब्लाउज टाकायला गेले तर शिंपीकाका, तलावपाळीला आईच्या भिशीतल्या काकू आणि काल नौपाड्यात मावशीकडे अख्खं खानदान. "जर्मनीत शिक्षण फुकट ना? मग काय!"

फुकट म्हणे! सरकारी विद्यापीठात बहुतेक ठिकाणी फी नाही, कबूल. पण व्हिसासाठी आधी खात्यात ११,९०४ युरो अडकवून दाखवावे लागतात. बाबांनी त्यासाठी घर गहाण ठेवलंय. मग आपलेच पैसे आपल्याला महिन्याला ९९२ युरो असे मिळतात, आजीने जत्रेला खाऊचे पैसे मोजून द्यावेत तसे. भाडं, विमा, किराणा सगळं त्यात. "नोकरी करून घरी पाठवत असशील?" अहो, वर्षाला १४० पूर्ण दिवसांच्या वर आम्हाला कामच करता येत नाही!

गेल्या गेल्या दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवायचा, हा कायदा. आणि त्याच पालिकेची अपॉइंटमेंट मिळाली पाच आठवड्यांनंतरची. आता कायदा मी मोडला की त्यांनी? नोंदणी झाल्यावर टॅक्स नंबर येतो, तोही पोस्टाने. माझा आलाच नाही, कारण पत्रपेटीवर माझ्या नावाची चिठ्ठी नव्हती. पोस्टमन पत्र परत घेऊन गेला. आपल्याकडे "जोशींची मुलगी, तिसरा मजला" एवढ्यावर पार्सल येतं हो!

रविवारी दुकानं बंद. एकदा शनिवारी रात्री मीठ संपलं, रविवारभर अळणी वरण खाल्लं. शेजारणीकडे मागावं म्हणाल तर तिची माझी ओळख एवढीच, की रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी कुकरची शिट्टी झाली म्हणून ती दारावर चिठ्ठी चिकटवून गेली. दहानंतर शांतता पाळायची. बरं, फोडणी द्यावी तर छतावरचा धुराचा अलार्म बोंबलतो. मी हिंगाची फोडणी खिडकीत उभी राहून देते, उणे तीन डिग्रीत, जॅकेट घालून.

आणि डिसेंबरात साडेचारला अंधार. त्याबद्दल मी कुणाशी बोलतच नाही. फोनवर आईला "छान आहे गं" म्हणते, हे मात्र माझं चुकतंच.

तर हे सगळं काल पोहे खाता खाता सांगितलं. पंधरा मिनिटं, न थांबता. मावशीने शांतपणे ऐकलं, प्लेटमध्ये आणखी पोहे वाढले आणि म्हणाली, "आपल्या चिन्मयचंही पुढच्या वर्षी जर्मनीच ठरतंय. सुरुवातीला तुझ्याकडेच राहील ना गं तो?"

बारा चौरस मीटरची खोली आहे, मावशी. त्यात माझी सायकलही राहते.