भैरवाला नैवेद्य चालतो, दुकान चालत नाही
मी दारू पीत नाही. हे आधीच सांगतो, कारण या विषयावर तोंड उघडले की लोक प्रथम श्वास हुंगतात.

सत्तरी ओलांडलेली मावशी नागपूरहून आमच्याकडे उज्जैनला आली, ती इथल्या कालभैरवाला दारूची बाटली वाहण्याचा जुना नवस फेडायला. पूर्वी हे पाच मिनिटांचे काम होते. देवळाबाहेरच सरकारी परवान्याची काउंटरे होती. मध्य प्रदेश सरकारने १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर अशा १९ ठिकाणची दारूची दुकाने बंद केली आणि आमच्या नशिबी हद्दीबाहेरची फेरी आली. जन्मात दारूच्या दुकानाकडे न पाहिलेल्या मावशीला भर उन्हात गाडीत बसवून मी तिथल्या रांगेत उभा राहिलो, तेव्हा मागच्याने मला पार्टी कुठे आहे, असे विचारले.

देवळात मात्र काहीही बदललेले नाही. पुजाऱ्याने बशीत ओतून ती देवाच्या मुखाशी नेली, बशी रिकामी झाली आणि उरलेली बाटली प्रसाद म्हणून परत आली. नैवेद्याला बंदी नाही. पिण्यालाही नाही, कारण बिहारसारखा दारूबंदीचा कायदा इथे केलेलाच नाही. थांबली ती केवळ विक्री. मग पावित्र्य नेमके कोणाचे राखले? आमच्या गल्लीतले रोजचे पिणारे पूर्वी चालत घरी येत, आता तेच हद्दीबाहेर पिऊन अंधारात दुचाकी हाकत येतात, आणि याला म्हणे धार्मिक नगरीची प्रतिष्ठा म्हणायचे.

वर कहर असा की याच शहरात शारदीय नवरात्रातील महाअष्टमीला खुद्द जिल्हाधिकारी चौबीस खंबा देवीला मद्य अर्पण करतात आणि त्यानंतर सुमारे २७ किलोमीटरच्या नगरपूजेत हंडीतून मद्याची धार रस्त्यावर सोडली जाते. त्या हंडीसाठीही कोणी हद्दीबाहेरच्या रांगेत ताटकळते का, एवढे तरी कळावे. देवाला दारू लागते हे सरकारला मान्य आहे. ती भक्ताने आणायची कोठून, हा प्रश्न मात्र बंदीचा फलक लावताना कोणाच्याही डोक्यात आलेला दिसत नाही.

अर्धी बाटली अजून आमच्या देवघरात आहे. प्रसाद टाकायचा नसतो, असे मावशी दर फोनला बजावते, आणि घरात पिणारा कोणीच नाही.