ऊर्जा घटते की संभाव्यता?

तृतीय वर्ष बीएस्सीला क्वांटम मेकॅनिक्स शिकवताना मी एक प्रश्न न चुकता विचारते: कणाने टनेलिंग करून, म्हणजे ओलांडण्याइतकी ऊर्जा नसतानाही, अडथळा पार केला, तर पलीकडे त्याची ऊर्जा किती असेल? श्रोडिंगरचे समीकरण फळ्यावर बिनचूक सोडवणारी मुलेही ‘कमी झालेली असेल’ असे सांगतात, आणि त्यात त्यांचा फारसा दोष नाही. ऊर्जेची आडवी रेघ आणि तरंगफलन (कण कुठे सापडण्याची संभाव्यता किती, हे ज्यावरून काढतात तो तरंग) आपण एकाच आकृतीत काढतो. पलीकडे तरंगाची उंची घटलेली दिसते आणि मुले त्या उंचीलाच ऊर्जा समजतात. ऊर्जा तेवढीच राहते, घटते ती कण पलीकडे सापडण्याची संभाव्यता.

हा घोटाळा जगभर होतो. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅकडरमॉट यांच्या गटाने आणि पिट्सबर्गमध्ये चंद्रलेखा सिंग यांनी अशा गैरसमजांचा अभ्यास करून त्यांवर बेतलेली ट्यूटोरियल तयार केली. त्यांत विद्यार्थी आधी स्वतःचा अंदाज बांधतात आणि मग एकेका प्रश्नाच्या आधाराने तो तपासतात. आपल्याकडे ट्यूटोरियल म्हणजे जुन्या प्रश्नपत्रिकांतली गणिते, तीही बहुधा शिक्षकानेच सोडवलेली.

मी स्वतः एकच उदाहरण तासभर पुरवते. एक नॅनोमीटर रुंदीच्या, अभेद्य भिंतींच्या खोक्यात इलेक्ट्रॉन आहे. पहिली ऊर्जापातळी सुमारे ०.३८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचे सूक्ष्म एकक), दुसरी सुमारे १.५०. या दोन पातळ्यांच्या अवस्थांचे समसमान मिश्रण (सुपरपोझिशन) घेतले, तर ऊर्जा मोजल्यावर काय मिळेल? बहुतेक जण सरासरी काढून ०.९४ लिहितात, पण तो आकडा एकाही मोजणीत मिळणार नाही. दर वेळी या दोहोंपैकीच एक मिळेल, ०.९४ ही पुष्कळ मोजण्यांची सरासरी. मग मी विचारते, मोजलेच नाही तर इलेक्ट्रॉन कुठे सापडेल याच्या संभाव्यतेचा आलेख काळाबरोबर हलेल का? एकेकट्या अवस्थेचा तो हलत नाही, म्हणून तिला स्थिर अवस्था म्हणतात. ‘स्थिर अवस्थांचे मिश्रण, म्हणून तेही स्थिर’ हे उत्तर इतके पटण्याजोगे असते की वर्ग तिथेच थांबू पाहतो. प्रत्येक अवस्थेची कला (फेज, म्हणजे तरंग आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) वेगळ्या गतीने फिरते हे कागदावर मांडल्यावरच कळते, की आलेख डावी-उजवीकडे झुलतो आणि एक झोका सुमारे ३.७ फेमटोसेकंदांचा असतो (फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग).

यात तास जातो, अभ्यासक्रम मागे पडतो आणि परीक्षेत ‘सूत्र सिद्ध करा’ एवढेच येते, ही सहकाऱ्यांची तक्रार खरी आहे. मात्र त्यावर उपाय ट्यूटोरियल सोडणे हा नसून प्रश्नपत्रिका बदलणे हा आहे, असे माझे मत आहे. याच मिश्रणाचे दोन वेगवेगळ्या क्षणांचे आलेख काढायला सांगणारा पाच गुणांचा एक प्रश्न घातला, तरी सुरुवात होईल.