खुलासा : गरोदरपण आणि परदेशी जाणारी रेल्वे
‘२८ आठवडे उलटल्यावर गरोदर स्त्रीला परदेशी जाणाऱ्या रेल्वेत बसू देत नाहीत’ असा जो संदेश फिरतो आहे, त्यात विमान कंपन्यांचा नियम रेल्वेच्या गळ्यात बांधलेला आहे. २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचे पत्र मागणे आणि पोटात एकच बाळ असल्यास साधारण ३६ आठवड्यांनंतर प्रवास नाकारणे, ही पद्धत प्रामुख्याने विमानांची; रेल्वेत अशी सरसकट मर्यादा नसते. मात्र तासन्‌तास बसून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका गरोदरपणात वाढलेला असतो, म्हणून डब्यात अधूनमधून चार पावले चालावे. विम्याचा कागद (जो सहसा कोणी वाचत नाही) आधी वाचावा, कारण ठरावीक आठवड्यांनंतरची प्रसूती अनेक पॉलिसींत वगळलेली असते. तपासण्यांची फाइल सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावी.