एक साधी पत्रिका

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या छपाईच्या दुकानात एक वाक्य रोज कानावर पडतं : "काका, एक साधी पत्रिका करून द्या." वर पुन्हा, "तुम्हाला काय सांगायचं, तुमचा रोजचा धंदा." एवढं बोलून गिऱ्हाईक मोटारसायकलची किल्ली उचलतं. मी म्हणतो, "बसा." इथून आमचे संबंध बिघडायला लागतात.

लोकांची एक ठाम समजूत असते, की जो विचारतो त्याला काम येत नाही. "पलीकडचा तर काहीच विचारत नाही, लगेच टाइप करायला बसतो," असं मला ऐकवलं जातं. बसतोच. मागच्या लग्नाची फाइल उघडून नवरा-नवरी बदलतो, व्याही तेच राहतात.

विचारण्यातही अक्कल लागते. "कशी हवी?" विचारलं की उत्तर ठरलेलं : "चांगली." म्हणून मी दोन नमुने पुढ्यात ठेवतो. एकावर सोनेरी गणपती, मोरपीस, पालखी, सनई-चौघडा. दुसरा हळदकुंकू लावलेला पांढरा कागद. आणि विचारतो, "ह्यातली कोणती नको?" काय हवं ते कुणालाच ठाऊक नसतं, पण काय नको ते सांगायला माणूस खुर्चीतून अर्धा उठतो.

मग आकडा.
"किती काढायच्या?"
"हजारभर लोकांना द्यायच्यात."
"म्हणजे छापायच्या हजार?"
"छापायच्या कशाला? व्हॉट्सॲपला टाकायच्यात. देवापुढे आणि मामांना ठेवायला पंचवीसेक द्या."
हा एक प्रश्न विचारला नसता तर चार रंगांच्या चार प्लेटा निघाल्या असत्या, ऑफसेटवर कागद चढला असता आणि नंतर ते हजार गणपती मी कुठे विसर्जित केले असते?

तारखेचं तसंच. "रविवार, 12 तारीख," असं छातीठोकपणे सांगतात. मी भिंतीवरचं कालनिर्णय काढून समोर धरतो. 12 ला सोमवार निघतो. मग गुरुजींना फोन, हॉलवाल्याला फोन, आणि माझ्याकडे असा एक कटाक्ष, जणू महिना मीच सरकवला.

सगळ्यात नाजूक जागा आजोबांची. यादीत नुसतं नाव असतं. आता त्याच्यामागे 'श्री.' लावायचा की 'कै.'? सरळ विचारावं तर अभद्र, न विचारावं तर त्याहून अभद्र. मी लांबून येतो. "आजोबा लग्नाला येतील ना?" "येणारच की, पुढच्या रांगेत!" की मी निर्धास्त. पण एकदा एक जण भरल्या आवाजात म्हणाला, "आजोबांचे आशीर्वाद आहेतच." ह्यावरून काय समजायचं? आशीर्वाद दोन्हीकडून येतात. शेवटी चहा मागवला, "त्यांचा काळच वेगळा होता," असं म्हणून पाहिलं, तेव्हा तो म्हणाला, "होता कसला, खाली गाडीत बसलेत, बोलावू का?"

एक प्रश्न मात्र मी कुणालाही आडवळणाने विचारत नाही : मुलीचं वय. बालविवाह प्रतिबंधाचा 2006 चा कायदा आहे. मुलगी 18, मुलगा 21. लग्न लावणाऱ्यालाच नव्हे, साथ देणाऱ्यालाही 2 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो. बहुतेक जण हसतात, "अहो, पोरगी नोकरीला आहे!" हसू देत. जो ह्या प्रश्नाला चिडतो, त्याची पत्रिका मी घेत नाही.

इतकं झालं की मजकूर तयार होतो : कुलदेवता, चि., चि. सौ. कां., ज्येष्ठ की कनिष्ठ, स्वागतोत्सुक, आणि तळाला 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी पोरं, ज्यांतलं एक अजून बोलायलाही लागलेलं नसतं. पण प्रूफ देण्याआधी माझा एक राखीव प्रश्न असतो. इतकी वर्षं धंदा करून मी एवढंच शिकलो, की हाच पहिल्यांदा विचारायला हवा. फक्त पहिल्यांदा विचारला तर गिऱ्हाईक पळून जातं.

"नाव राहिलं तर रुसणार कोण?"

परवा एका वरपित्याला हा विचारला. इतका वेळ भराभर उत्तरं देणारा माणूस एकदम गप्प झाला. मग त्याने घरी फोन लावला आणि, देवाची करणी, स्पीकरवर टाकला. आत्याबाईंचं नाव निमंत्रकांत घातलं नाही तर त्या लग्नाला येणार नाहीत. घातलं तर काकू येणार नाहीत. पलीकडून दोन बायका आणि एक कुकर, तिघं एकाच वेळी बोलत होते. माझा टाइप करणारा पोरगा कीबोर्डवरचे हात काढून ऐकत बसला.

फोन ठेवून वरपिता म्हणाला, "काका, असं करा. सगळ्या पत्रिका आत्याच्या नावाशिवाय. फक्त दहा तिच्या नावाच्या काढा. त्या तिच्याच घरी देतो."

"आणि मांडवात त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हातातली पत्रिका बघितली तर?"

"तोवर अक्षता पडलेल्या असतील," तो म्हणाला आणि किल्ली उचलली.