पास झाल्यावरही अडवलं जातं : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

आपापल्या व्यवसायात नाव कमावलेल्या अपंग व्यक्तींवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप दोन आहेत. पहिला असा, की लिफ्ट, लेखनिक (परीक्षेत सांगितलेलं उत्तर लिहून देणारा), जादा वेळ आणि कोर्टाचे निकाल यांवरच मी जास्त लिहिलं आणि त्यामुळे त्या माणसांचं यश उसनं वाटायला लागलं. "ज्याच्यात धमक असते तो रस्ता काढतोच," असं तुमचं वाक्य आहे. दुसरा असा, की डॉक्टर किंवा न्यायाधीशासारख्या जोखमीच्या कामात सवलती देणं म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ. तुम्ही मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालात, शेकडो मुलं तुमच्या हाताखालून गेली, म्हणून चार ओळींत उरकत नाही.

प्रांजल पाटील यांचं उदाहरण तुम्हीही दिलंत, तिथूनच सुरुवात करतो. त्या उल्हासनगरच्या. सहाव्या वर्षी दृष्टी गेली. दादरची कमला मेहता अंधशाळा, मग सेंट झेवियर्स, मग जेएनयू. २०१५ च्या यूपीएससी परीक्षेत ७७३ वा क्रमांक आला आणि रेल्वेची लेखा सेवा वाट्याला आली. पुढे काय झालं? पूर्ण अंध आहेत म्हणून नियुक्ती नाकारली गेली. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक काढला, आयएएस झाल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या सब-कलेक्टर म्हणून रुजू झाल्या. याला तुम्ही जिद्द म्हणता, मीही म्हणतो. पण सर, त्या पहिल्याच वेळी पास झाल्या होत्या. दुसरी परीक्षा त्यांना द्यावी लागली, कारण पहिल्या निकालाचा मान राखला गेला नाही. असंच ज्याला एकदा नाकारलं आणि जो घरच्या परिस्थितीमुळे दुसऱ्यांदा परीक्षेला बसूच शकला नाही, त्याच्यात धमक नव्हती असं तुम्ही म्हणाल का? त्याचं नाव आपल्याला कळतही नाही.

मुरलीकांत पेटकरांचंही तसंच. सांगली जिल्ह्यातल्या पेठचा हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आला. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मधल्या ४६ वर्षांत त्यांच्या जिद्दीत काय कमी पडलं होतं?

देशाचा आकडा पाहा. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत पंधरा वर्षांवरच्या अपंग व्यक्तींपैकी काम करणाऱ्यांचं प्रमाण २२.८ टक्के निघालं. म्हणजे चारातला एकसुद्धा नाही. उरलेले सगळे आळशी किंवा हिंमत हरलेले आहेत, असं मानायला माझं मन तयार नाही.

आता जादा वेळेबद्दल. लेखनिक घेऊन परीक्षा देणाऱ्याला ताशी किमान वीस मिनिटं जास्त मिळतात. तुम्ही विचारता, हा इतरांवर अन्याय नाही का? एकदा अशा परीक्षेच्या वेळी शेजारी बसून बघा. प्रश्न ऐकायचा, लक्षात ठेवायचा, उत्तर तोंडी सांगायचं, लेखनिकाने काय लिहिलं ते पुन्हा ऐकायचं, शुद्धलेखन अडलं की अक्षर अक्षर सांगायचं. गणितात पायरी मागे गेली की सगळं पुन्हा. ती वीस मिनिटं यातच जातात. गुण कुणी वाढवून देत नाही, उत्तरपत्रिका सगळ्यांसारखीच तपासली जाते.

आणि मराठीतून शिकणाऱ्या अंध मुलांची एक अडचण फारशी कुणी बोलत नाही. एनव्हीडीएसारखं स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, आज फुकट मिळतं, ते मराठी वाचूनही दाखवतं. पण मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या सर्वमान्य पद्धतीत, असेल तरच. आपल्याकडे वर्षानुवर्षं पुस्तकं, प्रश्नसंच, नोट्स जुन्या फॉन्टमध्ये टाइप झाल्या. त्यात पडद्यावर 'क' दिसतो, पण आत साठवलेलं असतं भलतंच रोमन अक्षर किंवा चिन्ह, त्यामुळे आवाज नुसता बडबडतो. पुस्तक स्कॅन करून पीडीएफ केलं असेल तर तेवढाही आवाज नाही, कारण यंत्राच्या लेखी ते चित्र. डोळस मुलगा पहिल्या प्रकरणाला लागतो तेव्हा अंध मुलगी कुणी मजकूर पुन्हा टाइप करून देतंय का, याची वाट बघत असते. इंग्रजी माध्यमातल्या अंध मुलांना हा त्रास पुष्कळ कमी. टाइप करणाऱ्याने युनिकोड वापरला असता तर एक पैसाही जास्त लागला नसता, म्हणून मला याचा जास्त राग येतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. कर्करोगतज्ज्ञ डॉ. सुरेश अडवाणी आठव्या वर्षी पोलिओ झाल्यापासून व्हीलचेअरवर. त्यांनाही वैद्यकीय प्रवेश आधी नाकारलाच होता, पाठपुरावा केल्यावर मिळाला. त्याच डॉक्टरांनी परळच्या टाटा रुग्णालयात १९८३ मध्ये भारतातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. रक्ताच्या कर्करोगाचं निदान करायला आणि औषधाची मात्रा ठरवायला पाय लागत नाहीत. 'जिवाशी खेळ' म्हणून ते दार तेव्हा बंदच ठेवलं असतं, तर किती रुग्णांचं नुकसान झालं असतं याचा विचार करा.

सगळी कामं सगळ्यांना जमतील असं मी म्हणत नाही. काय जमतं ते त्या माणसाला तपासून ठरवा, एवढंच मागणं आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. वाचादोष ४० टक्के असल्याशिवाय राखीव जागा नाही, आणि ४० टक्के झाला की एमबीबीएसला अपात्र, असा नियम! न्यायालयाने वैद्यकीय मंडळाकडून त्याची तपासणी करवली, मंडळाने तो शिकू शकतो असं सांगितलं आणि प्रवेश मिळाला. नुसत्या टक्केवारीवरून कुणाला बाहेर काढता येणार नाही, हे तेव्हा ठरलं. न्यायाधीशांचं म्हणाल तर अंध असलेले झॅक याकूब दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयात १९९८ ते २०१३ न्यायमूर्ती होते. आपल्याकडे मध्य प्रदेशात अंधांना न्यायिक सेवेतून वगळणारा नियम मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. इतका उशीर व्हायला नको होता.

"पुढचा लेख तरी निखळ प्रेरणादायी लिहा," असं तुम्ही शेवटी म्हटलंय. पुढचा लेख दहावी-बारावीच्या लेखनिकांवर लिहितोय. परीक्षा तोंडावर आली तरी अनेक मुलांना रायटर मिळालेला नसतो. खालच्या इयत्तेतली मुलं रायटर म्हणून मिळवताना तुमच्या शाळेत काय अडचणी यायच्या, पालक नाही म्हणायचे का, बोर्डाची परवानगी कितपत वेळेत यायची, हे तुम्ही लिहून पाठवलंत तर तो लेख पुष्कळ पक्का होईल. वाट बघतो.