दोन रुपयांची पत

परवा रात्री साडेअकराला मुंबई विमानतळावर एका मशीनने माझे दोन रुपये घ्यायला नकार दिला. लाउंजच्या, म्हणजे तिथल्या खाण्यापिण्याच्या आरामकक्षाच्या, दारात क्रेडिट कार्ड घासायचं, दोन रुपये कापले गेले की आत पोटभर जेवायचं, असा आपल्याकडचा रिवाज. काउंटरवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, मागच्या तिमाहीत या कार्डावर तुमचा खर्च पुरेसा नाहीये." उधळेपणाचे आरोप माझ्यावर खूप झालेत, बहुतेक घरातूनच. खर्च कमी म्हणून हाकललं जाणं हे नवीन होतं.

मागून एक काका पुढे सरकले.

"किती झाला होता?" दहावीचे मार्क विचारावेत तसं त्यांनी विचारलं.

"काय किती?"

"खर्च हो! एप्रिल ते जून."

"लक्षात नाही."

"लक्षात नाही!" काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू फरशीकडे पाहत होत्या. "अहो, पन्नास हजार लागतात या कार्डाला. माझे जून संपत आला तरी अठरा हजार कमी पडत होते. मग काय, फ्रिज घेतला."

"जुना बिघडला होता?"

"छे, ठणठणीत! मुलगीसुद्धा फोनवर तेच म्हणाली. म्हटलं, चालतोय गं, पण त्याच्यावर लाउंज मिळत नाही."

"मग जुना?"

"जिन्यात आहे," पहिल्यांदाच काकू बोलल्या. "सोसायटीची नोटीस आलीय."

काकांनी ते ऐकलं नाही. काकूंना ॲड-ऑन, म्हणजे आपल्याच खात्यावरच्या जोडकार्डावर पुढे घालून, एकूण चार रुपये मोजून ते आत गेले.

मी बाहेर. विमान युरोपचं, पावणेतीनचं, म्हणून तीन तास आधी पोचायचं, हायवेचा भरवसा नाही म्हणून आठलाच घर सोडायचं. यात जेवायचं कधी? आणि ही अपरात्रीची विमानं कशासाठी, तर युरोपात सकाळी उतरून पुढची विमानं गाठता यावीत म्हणून. शिवाय फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५ नियमित विमानांची ये-जा बंद असते. आसपासच्या लोकांची झोप मोडते म्हणून २०११ पासून हा नियम आहे. चांगलाच नियम आहे. पण अंधेरी-कुर्ल्यातली माणसं काय झोपत नाहीत?

पाण्याची बाटली तपासणीत ओतायला लावली होती. २००६ साली लंडनमध्ये पातळ स्फोटकांचा कट उघडकीला आला, तेव्हापासून आपल्याकडून परदेशी जाताना हातातल्या सामानात १०० मिलिलिटरच्या वरची बाटली चालत नाही. तेही समजू शकतो. पण तपासणी ओलांडली की तेच पाणी कुठल्या भावाने विकतात, त्याचा लंडनशी काय संबंध? भूक लागली म्हणून वडापाव घेतला. तो खोक्यात होता. चटणी मागितली तर टोमॅटो सॉसची पुडी दिली, आणि बिल असं की आधी वाटलं शेजारच्या माणसाचंही माझ्याच नावावर लावलंय. कोलकाता विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये उडान यात्री कॅफे निघालं, दहा रुपयांत चहा. म्हणजे मनात आणलं तर जमतं. आणायचं कुणी?

तासाभराने काका दात कोरत बाहेर आले.

"कसं होतं?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं खरं तर.

"विशेष नाही. पनीर चिवट, डाळ गार."

"मग लवकर उठायचं."

"वा! तीनदा घेतलं," काका म्हणाले. "फ्रिजचे थोडे तरी वसूल नकोत व्हायला?"